बाबांच्या इंजिनाला चिप

३ मार्च, सोमवार, सकाळी ७.१०
ठरलं. बाबांचं काळं खेळण्यातलं इंजिन डिजिटल करणार. सोळा तारखेला बाबांना पंच्याऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी ते आमच्याकडे येतील, मी मोबाइलवर बोट फिरवीन आणि इंजिन टेबलावरच्या रुळांवर शिट्टी मारत निघेल. फोनवर म्हणाले, चाळीस वर्षं बटण फिरवलं की पळतंय, कशाला हात लावतोस? प्रगतीला घरातूनच विरोध.

४ मार्च
चिप आली. नखाएवढी. रुळातला करंट आधी चिपमध्ये, मग चिप देईल तेवढाच मोटरला. किरकोळ काम. बायको म्हणते, आधी तुमच्या त्या लाल इंजिनावर करून बघा. म्हणजे मी शिकाऊ!

संकल्प: चिडायचं नाही.
८.२५. चिडलो.

६ मार्च
रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून सोल्डरिंगची तार आणली. त्याने न विचारता अक्कल शिकवली. म्हणे जुन्या इंजिनात मोटर थेट सांगाड्याला जोडलेली असते, तो जोड आधी तोडा, नाहीतर चिप जळेल. तो जोड बाबांनी स्वतःच्या हाताने सोल्डर केलाय. तोडायचा? संस्कार नावाची काही चीज आहे की नाही?

८ मार्च, दुपारी
चिप बसवली. इंजिन रुळावर ठेवलं. धूर! वाटलं, काय झकास इफेक्ट दिलाय. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, आधी प्लग काढा. चिपवाल्या दुकानदाराला फोन करून असा झापला! रद्दी माल विकतात लेकाचे.

१० मार्च
दुकानदाराने उलट मलाच विचारलं, मोटरचा जोड तोडलात का? हा आणि रेडिओवाला आतून एक आहेत. दुसरी चिप मागवली. दुसऱ्या दुकानातून.

१३ मार्च
पुन्हा धूर. वासही. बटण फिरवून पाहिलं, जुन्या पद्धतीनेही हलत नाही. मोटर गेली. बायकोने येऊन फक्त खिडकी उघडली. याचाच जास्त संताप येतो.

१५ मार्च
बाबांचा फोन. इंजिन कसं आहे? म्हटलं, मस्त.

१६ मार्च, रविवार
बाबा आले. थेट टेबलापाशी गेले. मी मोबाइलवर बोट फिरवलं. फिरवत राहिलो. वायफायला शिव्या घातल्या. बाबांनी इंजिन उचललं, वास घेतला, परत रुळावर ठेवलं. मग एका बोटाने ढकलत अख्खी फेरी काढली. वळणावर तोंडाने शिट्टी दिली. मला भडभडून आलं. खोकून वेळ मारून नेली.

निघताना त्यांनी बायकोला विचारलं, माझ्या आणखी कुठल्या वस्तू याच्याकडे दुरुस्तीला आहेत? तिच्याकडे यादी तयारच होती. भिंतीवरचं घड्याळ, टेबलफॅन, चष्म्याची फ्रेम. सगळं पिशवीत भरून नेलं. माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा घेतला. तोही त्यांचाच होता.