मागच्या जिन्याची पायरी

प्रिय चिमणीताई,

तुझं खरं नाव मला ठाऊक नाही, रागावू नकोस. मावशी, म्हणजे तुझी आई, तुला चिमणीच म्हणायची. मी तिच्याबरोबर विद्यापीठात साफसफाईला होते. फोनवर तू दिसलीस की ती फोन माझ्या तोंडापुढं धरायची, बघ माझी चिमणी, बघ कशी जाड झालीय. मागं बादली घेऊन उभी असायची ना, तीच मी. माझी शाळा चौथीपर्यंत, चुकलंमाकलं सांभाळून घे. दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं.

आधी आमच्या कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची लॅबची बिल्डिंग. दर दोन-तीन महिन्यांनी तिथं आगीची ड्रिल व्हायची. भोंगा वाजला की पोरं, सर, मॅडम सगळे मैदानात जाऊन रांगा लावायचे, आणि पिवळं जाकीट घातलेले एक साहेब यादी घेऊन माणसं मोजायचे. गळ्यात शिट्टी, म्हणून मावशी त्यांना कंडक्टर म्हणायची. चला गं, कंडक्टर आला, तिकिटं काढा. आम्ही पोट धरून हसायचो. पण आम्ही मैदानात जायचो नाही. आम्ही ठेकेदाराची माणसं, आमची नावं यादीत नव्हती. सुपरवायझर म्हणायचा, ड्रिल म्हणजे तुमची चांदी, सगळे बाहेर आहेत तोवर फरशी पुसून घ्या, कुणाची पावलं उमटायची नाहीत. आणि खरं सांगू, आम्हालाही ते बरं पडायचं. भोंगा वाजला की आम्ही बादल्या भरायचो. एकदा तुझी आई मुद्दाम खाली गेली, रांगेत शेवटी उभी राहिली. मलाही मोजा म्हणाली, मी काय भूत आहे का. साहेब हसले, म्हणाले, राहू द्या हो मावशी. परत येऊन पोछा पिळत म्हणते कशी, मेलं, बसमध्ये उभ्या माणसाचंसुद्धा तिकीट फाडतात.

आता माझं. नवरा ट्रकवर असतो, घरी सांभाळायला कुणी नाही. अडीच वर्षांच्या लेकीला मी लपवून कामावर न्यायची. पोर आणलेलं दिसलं तर उद्यापासून येऊ नका, असा नियम. दुसऱ्या मजल्यावर मागच्या जिन्याजवळ आमची बादल्यांची खोली, तिथं तिला पोत्यावर निजवायची आणि बाहेरून कडी लावायची. हो, कडी लावायची. मावशी आपली लाल पर्स तिच्याजवळ ठेवायची. चेन उघडायची, लावायची, परत उघडायची, यातच पोरीचा तास जायचा. आतल्या कप्प्यात मावशी रोज दोन बिस्किटं ठेवायची, शोधू दे, डोकं चालतं म्हणायची.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला भोंगा वाजला. पोरीला वर नुकतंच निजवून आम्ही दोघी तळमजल्यावर आलो होतो. मी नेहमीसारखं फरशीवर पाणी ओतलं. पोरं धावत आली, त्या पाण्यावर घसरून पडली, तरी माझ्या टाळक्यात शिरेना की ड्रिलला कुणी असं धावत नाही. मावशीनं नाक वर केलं. हा फिनेलचा वास नाही गं, म्हणाली, आणि दंडाला धरून मला बाहेर ओढलं. वर बघते तर दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून काळा धूर. ताई, वर कडीत माझी पोर. पाय उचलेनात. मी तिची आई, आणि मी गेले नाही. तुझी आई गेली. ओलं फडकं तोंडाला बांधून मागच्या जिन्यानं गेली.

मागच्या दाराशी कुणी नव्हतं, मी एकटीच. किती वेळ गेला माहीत नाही. ती आली तेव्हा पोर काखेत, पोरीच्या हातात पर्स. मावशीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. पोरीला माझ्याकडं देऊन ती आतल्या पायरीवर बसली. पोरगी पर्स सोडेना, तर तिनं तिची बोटं एकेक करून सोडवली. ही राहू दे इथं, म्हणाली, माझी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, उगाच कुणी विचारेल. पळ तू. कुणी पोर बघितली तर काम जाईल. मी दम खाऊन आलेच.

मी पळाले. पोरीला कापडात गुंडाळून मैदानाच्या कडेनं चालले होते, तेव्हा कंडक्टर साहेब यादी वर धरून ओरडले, सगळे आले, बिल्डिंग रिकामी. माझ्यापासून दहा पावलांवर. मावशी मागच्या पायरीवर आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण पोर कुशीत होती. मनात म्हटलं, येईलच ती, आलेच म्हणालीय. आणि मी फाटकाबाहेर गेले. आग विझल्यावर दोन तासांनी ती सापडली. त्याच पायरीवर. मांडीवर पर्स.

म्हणून सगळे म्हणाले, बाई पर्ससाठी परत गेली. तुलाही तेच कळवलं. तू फोनवर सुपरवायझरला विचारलंस म्हणे, आईला पर्स एवढी प्यारी होती का. त्यानं ते आम्हाला हसत सांगितलं. मी तोंड फिरवून खिडकी पुसत राहिले. ती आधीच पुसलेली होती.

परवा सुपरवायझरनं माझ्यापुढं कागद ठेवला. मावशी स्वतःच्या मर्जीनं, पर्स आणायला आत गेली, हे मी डोळ्यांनी बघितलं, असं त्यात लिहिलं होतं. मला वाचता येत होतं गं. वाचूनच सही केली, भीतीनं. तसलाच कागद तुझ्याकडं धाडलाय, तुझी सही आली की ठेकेदारावर काही येत नाही, मिटलं, असं तो म्हणाला, म्हणून हे लिहितेय. तू सही करू नकोस. सोमवारी चौकशीचे साहेब येणार आहेत. मी पोरीला कडेवर घेऊन त्यांच्यापुढं जाणार आहे, माझी सही खोटी म्हणून सांगणार आहे. काम जाईल, कदाचित आणखीही काही होईल. मला माफ कर असं म्हणायचं तोंड नाही माझं. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर. फक्त ती पर्स तुझ्याकडं दिली असेल तर आतला कप्पा उघडून बघ. त्या दिवशी पोरीला चेन उघडायला वेळ मिळाला नव्हता.

तुझीच,
जिच्या लेकीला तुझ्या आईनं बाहेर आणलं ती