नकाशात नसलेली वाट

पाटोदा, १३ मार्च २०१३

ती. दादा, जयभीम.

१. सोमवारी मी इथल्या गायरानाची हद्द चुन्याने आखली. गाव, दूध सोसायटी आणि एक बियाणे कंपनी करार करून तिथे तीन वर्षं चराई बंद ठेवणार आहेत.
२. मंगळवारी भामाबाई अकरा शेळ्या घेऊन आल्या. तळ्याकडे जायची त्यांची वाट हद्दीच्या आत गेली आहे.
३. चूक माझी आहे.

मी उपग्रहाच्या चित्रावरून हद्द ठरवली. यंदा गवतच नाही, त्यामुळे चित्रात पायवाट आणि माळ एकाच रंगाचे दिसतात. मोजणीआधी गुराख्याला विचारावं, हे तुम्ही कितीदा सांगितलं होतं.

भामाबाई भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "वाट बंद हाय, हे मला कळलं, बाई. आता शेळ्यायला बी तूच सांग." सगळे हसले. वळसा घालून तळं चार किलोमीटर पडतं.

आमच्या ऑफिसातले साहेब म्हणतात, करार होऊ दे, वाटेचं नंतर बघू. चराईबंदी मलाही हवी आहे. माळावर बी धरायलासुद्धा गवत उरलेलं नाही. पण वाट मोकळी सोडल्याशिवाय मी नकाशावर सही करणार नाही.

माझी तब्येत बरी आहे. टँकर दोन दिवसांआड येतो, मला पुरतं. तुम्ही कानाचं यंत्र लावता का? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. आईला सांभाळा.

१९८४ साली हे शिवार तुम्हीच मोजलं होतं. तुमच्या वहीत ही वाट असेल तर उतरवून पाठवा. नसेल तर तसं कळवा. सही २२ तारखेला आहे. उत्तर २० तारखेपर्यंत हवं.

उत्पला