जिलबी विझली की किल्ली

२ जानेवारी
काय थंडी! भारत सुट्टी संपवून पुण्याला गेला. त्याची जुनी डिझेल गाडी इथेच दारात. जाताना सांगून गेला – "पप्पा, रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन तापवा, न्हाई तर थंडीत बसून जाईल." हे 'हो हो' म्हणाले. हे! साखर कारखान्यातून रिटायर झाल्यापासून आठच्या आत रजईबाहेर पाय काढत नाहीत! काम शेवटी माझ्याकडेच आलं. मी तोंड वाकडं केलं, पण मनातून नाचले.

३ जानेवारी
किल्ली अर्धी फिरवली की समोर जिलबीसारखा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं, मग गाडी चालू करायची. मी घाई केली – खर्र खर्र, बंद! आतून ओरडणं, "कौसल्या, काय मोडलंस?" दुसऱ्यांदा जिलबी नीट विझू दिली. लागली की धडधडायला! दहा मिनिटं स्टेअरिंग धरून बसले राणीसारखी.

अंगणवाडीच्या नोकरीतून सुटल्यावर हट्टाने परवाना काढला, त्याला दोन वर्षं झाली. बापलेकांनी एकदा गाडी हातात दिली असेल तर शपथ! "रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या असतेत, तुझं काम न्हाई ते." परवाना पर्समध्ये पडून आहे.

७ जानेवारी
शेजारची लालबी दोन ग्लास चहा घेऊन बाजूच्या सीटवर येऊन बसली. हीटर लावला. "आज कहां जाना गे?" म्हटलं, हैदराबाद! जागेवरच निघालो. मी वळणं घेतली, ती ओरडली, "ट्रॉली आई, ट्रॉली!" – मी ब्रेक दाबला, तिने खरंच चहा सांडला. हसून हसून पोट दुखलं. दोघी मिळून सव्वाशे वर्षांच्या होऊ!

८ जानेवारी
आज मुंबई. गर्दी फार होती.

१२ जानेवारी
गियर टाकला!! दोन हात पुढे, दोन हात मागे. लालबी डोळे मिटून अल्लाचं नाव घेत होती. पेरूचं झाड वाचलं.

१४ जानेवारी
डिझेलचा काटा तळाला गेलाय. हे संतापले – "कोणतरी पाईप लावून डिझेल काढून राह्यलंय!" टाकीच्या झाकणाला सुतळी बांधून सात गाठी मारल्या. दहा मिनिटांचा आमचा तास होतो, हे रजईतून कसं दिसणार? "जमाना लई खराब," असं म्हणून मी भाकरी थापायला पळाले. हसू आवरेना.

१६ जानेवारी
भारतचा फोन. गाडी विकली. रविवारी अकरा वाजता गिऱ्हाईक येऊन नेणार. हे म्हणाले, "बरं झालं, चोराची कटकट मिटली." मला कोणी विचारलंसुद्धा नाही. फार राग आला. रडूही आलं. एकदाही रस्त्यावर न चालवता जाणार ही गाडी?

१७ जानेवारी
लालबीला सांगितलं. तिने चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "कौसल्या, सच्ची में कब जाना?"
दुपारी बाजाराच्या पिशवीतून डब्यात डिझेल आणलं. सातही गाठी सोडल्या.

१८ जानेवारी, रविवार
साडेअकरा. कुंभार पिंपळगाव, लालबीच्या बहिणीचं अंगण. वाटेत एकोणीस ट्रॉल्या! यांचा फोन आठव्यांदा वाजला तेव्हा उचलला. "गिऱ्हाईक येऊन बसलंय, गाडी कुठंय?" म्हटलं, "माझ्याजवळ आहे. त्यांना चहा करून पाजा आणि परत पाठवा."