लांब वायरची गाडी

तैपेई, शुक्रवार

प्रिय आ-युआन,

आधी आईचा निरोप, नाहीतर ती मला फाडून खाईल. तुझ्या तुकडीला नव्या गाड्या मिळणार हे तिला कळलंय, आणि तिने हिरव्या पुडीतल्या मक्याच्या कुरकुऱ्यांचा अख्खा खोका माझ्याकडे पाठवलाय. हे पत्र त्यातच घालतेय. दर गाडीवर एक पुडी ठेवायची, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. पुडी हिरवीच हवी, तारीख उलटलेली चालत नाही, आणि भूक लागली म्हणून खायची नाही. शेवटचं खास तुझ्यासाठी!

हसू नकोस, सैन्यासाठी शस्त्रं निवडणाऱ्या आमच्या समितीतही तेच. मतदानाच्या दिवशी कुणीतरी चहाबरोबर अननसाचे केक ठेवले, तर आमचे अध्यक्ष जनरलसाहेब कडाडले, "उचला ते! आपल्या बोलीत अननसाचं नाव 'ये रे ये'सारखं ऐकू येतं. आपल्याला कुणी यायला हवंय का?" इतकी शिकलेली माणसं, पण सगळ्यांनी मुकाट्याने बशा सरकवल्या.

समितीत मी रणगाड्यांऐवजी क्षेपणास्त्रांच्या गाड्या मागितल्या, म्हणून तू माझ्याशी महिनाभर अबोला धरलास. "ताई, रणगाडा काढून घेऊन हातात टेम्पो देतेस होय?" हो बाबा, टेम्पोच. रणगाडा भातखाचरात रुततो आणि वरून लगेच दिसतो. किनाऱ्याकडे येणारं जहाज बुडवायचं तर माशांच्या तळ्यांमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये लपणारी, क्षेपणास्त्र सोडून पळणारी गाडी हवी. हे मी आजही म्हणेन. रुसायचं तर खुशाल रूस.

खरा वाद पुढे होता. ही गाडी दोन प्रकारांत मिळते. एकीत आत बसूनच बटण दाबायचं. दुसरीला लांब वायर असते, माणसं दूर बांधाआड बसतात. क्षेपणास्त्र सुटलं की धूर दिसतो आणि शत्रूचा पहिला मारा त्या गाडीवरच येतो. वायरवाली महाग, म्हणून गाड्या कमी मिळणार. "जास्त गाड्या, जास्त जहाजं बुडतील," असं निम्मे सभासद म्हणत होते, आणि त्यांचंही चूक नव्हतं. मी म्हणत होते, गाडी पुन्हा विकत आणता येते, तयार झालेला जवान कुठल्या दुकानातून आणणार?

तेवढ्यात तुझा फोन आला. या गाड्यांची पहिली तुकडी तुझीच, म्हणून लहान पोरासारखा ओरडत होतास. मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

मतदानाआधी जनरलसाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "या तुकडीत कुणाचं घरचं माणूस आहे का?" आपलं नातं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसले असते तर चाललं असतं. मी हात वर केला. मला बाहेर बसवलं. माझ्याशिवाय मतं सारखी पडली, आणि जनरलसाहेबांनी अध्यक्षांचं निर्णायक मत जास्त गाड्यांच्या पारड्यात टाकलं. सोमवारी तुम्हाला अधिकारी सांगतील, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय: तुला आत बसूनच बटण दाबायचं आहे. माझं एक मत पडलं असतं तर वायर मिळाली असती. मी केलं ते बरोबरच केलं, आणि तरी मला झोप नाही. बटण दाबलंस की पळ, आ-युआन. पळायला लाजू नकोस.

तुझ्यावर चिडणारी, तुझीच ताई,
श्यू-फांग