चौथा वाफा कोरा ठेवण्याबाबत

लिहून ठेवणारी मी, भाजीपाला पिकवणारी, गल्लीत चुनेवाली म्हणून ओळखली जाणारी. डोकं ठिकाणावर आहे, हात धरून कोणी हे लिहून घेतलेलं नाही. माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था अशी व्हावी.

राहतं घर यजमानांना, त्यांच्यानंतर मुलीला. खोरं आणि चुन्याची चाळणी भावाला द्यावी. शोधत बसू नये, त्याच्याच घरी सापडतील.

मळ्यातल्या चार वाफ्यांचं मात्र वेगळं आहे. तांब्याच्या भट्टीच्या धुरामुळे आमच्याकडे पाऊस आंबट पडतो, मातीतला कस धुऊन जातो, घेवड्याची मुळं आखूड राहतात. पहिल्या वाफ्यात मी चुना घालते, दुसऱ्यात चुना आणि कोळशाची भुकटी, तिसऱ्यात लाकडाची राख. चौथ्यात काहीही नाही. तो नसेल तर बाकीच्यांनी काय केलं हे कळणार कसं? चुन्याचा गुण पावसागणिक उतरतो. कोळशामुळे तो जास्त टिकतो का, एवढंच मला जाणून घ्यायचंय.

मागे एकदा चौथा वाफा एकाएकी तरारला. माती आपली आपण सुधारते, असं मी गल्लीभर सांगत सुटले. मग यजमानांच्या चपलांना राख दिसली. विचारलं तर म्हणाले, "अगं, त्या रोपांनी कोणाचं घोडं मारलंय? मला बघवेना." सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

म्हणून चौथा वाफा नणंदेच्या नावे करते. तिचं माझं कधी जमलं नाही. पण तिला पाझर फुटत नाही, आणि इथे तेच हवंय. तिने त्यात चिमूटभरही काही पडू देऊ नये. काढणीला चारही वाफ्यांचा घेवडा वेगवेगळा तोलावा आणि जे निघेल ते खरं मानावं, माझं म्हणणं खोटं ठरलं तरी.

मरणाची भीती वाटत नाही. उत्तर कळायच्या आत जावं लागणार, याने जीव तुटतो.

अहो, तुम्हाला एकच विनंती. मी गेल्यावर घर खायला उठेल, तुम्ही मळ्यात जाऊन बसाल, आणि तुमचा हात त्या रोपांकडे जाईल. जाऊ देऊ नका. दया करायचीच तर माझ्यावर करा.

सही: चुनेवाली

साक्षीदार: १. पोस्टवाली २. समोरचा सुतार
(ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून घरचं कोणी नाही.)

ठिकाण: मळ्याची पडवी
दिनांक: घेवड्याला पहिलं फूल आलं तो दिवस