करंगळीशेजारचं बोट

बेलापूर,
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. सुनयनास,
अ. उ. आ.

तू म्हणशील, करंजाड्याहून बेलापूर अर्ध्या तासावर, आणि वहिनीला पोस्टाचं पाकीट सुचलं! पण आईंचा नियम तू विसरली नसशील. नणंद-भावजयीने रुसवा तोंडाने काढायचा नाही, कागदावर काढायचा. लिहिता लिहिता निम्मा राग शाईतच उतरतो. आईंना जाऊन सहा वर्षं झाली, नियम अजून आहे. तेव्हा समज, मी रुसले आहे.

तुझ्या दादांनी काल चहा पिता पिता सांगितलं की दिवाळे गावच्या बायजाबाई कोळणीने खोलीचा भाडेकरार यंदा तुझ्याकडे दिला. माझा चहा तसाच राहिला. बावीस वर्षं, सुनयना! दर अकरा महिन्यांनी ती बाजार उरकून यायची, टोपली दाराबाहेर ठेवायची, तीनदा साबणाने हात धुवायची आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसायची. मी टाइपरायटरवर स्टॅम्पपेपर चढवायची. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, स्वल्पविराम चुकला तर माणसांना नाही कळत, देवाला कळतं. तशी मी इंग्रजीत टाइप करायची. मग तिला मराठीत वाचून दाखवायची, ती अंगठा द्यायची आणि दादांसाठी सुके बोंबील ठेवून जायची. एक पैसा कधी घेतला नाही मी.

आता म्हणे तुझ्याकडे साबणाच्या वडीएवढी डबी आहे, तिच्यावर अंगठा ठेवला की करार थेट सरकारदरबारी नोंदला जातो. आहे बुवा! दहावीच्या इंग्रजीच्या पेपराआधी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलेली मुलगी आज अख्ख्या करंजाड्याचे करार करते. मला हेवा वाटतो. शाळेत कबुली द्यायला शिकवलं होतं, म्हणून देते.

तुझ्यावर लोभ आहेच. आज थोडा आंबट आहे, इतकंच.
तुझी,
स्मितावहिनी

*

करंजाडे,
१७ जानेवारी २०२५

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर तुमचं वळणदार अक्षर पाहिलं आणि हातातलं काम टाकून आधी ते फोडलं. वहिनी, मी बायजाबाईंना बोलावलं नाही. त्यांच्या शेजारणीचा करार मी घरी जाऊन केला, तो त्यांनी पाहिला. त्या म्हणाल्या की स्मिताबायचा कागूद लय भारी हाय, पन स्टॅम्पवाला, नोटरी आनि तिच्याकडं, असा तीन ठिकानी माजा बाजार बुडतो. ही पोर डबी घेऊन दारात येते. शिवाय करार मराठीत निघतो, त्यांची नात वाचून दाखवते. आणि तुमचे करार नुसते नोटरीचे होते, नोंदणीचे नव्हते. नव्या भाडेकरूच्या, अभिरामच्या, महाप्याच्या कंपनीला नोंदलेलाच लागतो.

आता हसू नका. माझी डबी बायजाबाईंचा अंगठा घेतच नाही. दोन्ही अंगठे घेऊन पाहिले, गरम पाण्यात बुडवले, खोबरेल लावलं. आयुष्यभर मीठ आणि खवलं, रेघा उरल्याच नाहीत. मला भारी टेन्शन आलंय. तुम्ही इतकी वर्षं त्यांचे ठसे घेतलेत. काही युक्ती असेल तर कळवा. तो मुलगा एक तारखेपासून खोली मागतोय, आणि त्या खोलीवरच त्यांचं औषधपाणी चालतं.

एक गंमत सांगते, रागावू नका. त्यांनी जुना करार आणला होता, तो आमच्या लेकीने, उत्कर्षाने वाचला. कलम नऊ: सदर जागेत मासे व मटण आणू अगर शिजवू नये. वहिनी! कोळणीची खोली, दिवाळ्यात, आणि भाडेकरूला मासे बंदी! बायजाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

दादांना नमस्कार. धाकटीवरचा राग लवकर आवरता घ्यावा.
तुमची,
सुनयना

*

बेलापूर,
२१ जानेवारी २०२५

सुनयनास आशीर्वाद.

ते कलम फोर्टच्या आमच्या वकिली ऑफिसच्या मसुद्यातलं. साहेबांचे अशील शाकाहारी होते. मी मसुदा जसाच्या तसा उचलला आणि बायजाबाईला वाचून दाखवताना नाव, भाडं, महिने एवढं सांगून बाकी नेहमीचं म्हणत आले. चोवीस करार. चोवीस वेळा मी तिच्या खोलीत तिचेच मासे बंद केले. हसा तुम्ही सगळे. उत्कर्षाचं इंग्रजी सुधारलं म्हणायचं.

अंगठ्याचं मला काही ठाऊक नाही. माझ्या वेळी निळी शाई होती, तिला सगळे अंगठे चालायचे. यंत्र तुझं, युक्ती तू शोध.

तब्येतीला जप.
स्मिता

*

करंजाडे,
२७ जानेवारी २०२५

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

मी ती गंमत लिहायला नको होती. चुकले.

तुम्हाला एक कधी सांगितलं नाही. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी आठवीत होते. तुम्ही कडक इस्त्रीची साडी नेसून फोर्टला निघायचात आणि घरी कुठलंही सरकारी पत्र आलं की दादासुद्धा म्हणायचे, थांबा, स्मिता येऊ दे. मी दाराआडून तुमचा हेवा करायची. ही डबी मी घेतली ती त्यापायीच. कधीतरी कुणीतरी म्हणावं, थांबा, सुनयना येऊ दे.

अभिराम रविवारपर्यंत थांबतोय, त्यानंतर दुसरी खोली घेईल. मी एकेका बोटाने पाहायला निघाले होते, तर बायजाबाईंनी हात पदराखाली घेतला. म्हणाल्या, देवानंच रेघा पुसल्या, आता नको गं, लाज वाटते. खोली रिकामी राहू दे म्हणतात. रविवारी सकाळी दहाला मी शेवटचं त्यांच्या घरी जाणार आहे.

त्यांनी विचारलंय, स्मिताबाय माज्यावर रागावली हाय का? मी काय सांगू?

उत्तर नाही आलं तरी माया आटू देऊ नका.
तुमची,
सुनयना

*

बेलापूर,
२ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. सौ. सुनयनास,
अ. उ. आ.

आज सकाळी आपण दिवाळ्यात भेटलो, तरी हे पत्र लिहिते आहे. रुसवा कागदावर निघाला, तो कागदावरच संपायला हवा. शिवाय एक गोष्ट तोंडाने सांगता आली नाही.

मी दारात उभी राहून बायजाबाईच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट घ्यायला सांगितलं, आणि तुझ्या डबीने ते पहिल्याच खेपेला घेतलं. तू मला मिठी मारलीस, म्हणालीस, वहिनींना आज सकाळी बरोब्बर आठवलं. अभिरामने टाळ्या वाजवल्या. मी ते सगळं कौतुक मुकाट घेतलं.

मला आज आठवलं नाही. तू पहिल्या पत्रात विचारलंस तेव्हाच मला ठाऊक होतं. बायजाबाईच्या चोवीस करारांच्या प्रती माझ्या कपाटात आहेत. पहिल्यावर अंगठ्याची रेघ न रेघ मोजता येते, दहाव्यावर नुसता निळा डाग. नोटरी कुरकुरायला लागला, तेव्हापासून मी अंगठ्याशेजारी ते बोट घेऊ लागले. त्यात तिच्या लग्नाची अंगठी आहे. कोयतीवर मासा कापताना अंगठीला खवलं लागू नयेत म्हणून ती ते बोट जपून वर धरते. त्याच्या रेघा अजून कोवळ्या आहेत. हे मला माहीत असूनही मी ठाऊक नाही असं लिहिलं. तुझं यंत्र हरावं, बायजाबाईने पुन्हा माझ्या खुर्चीवर येऊन बसावं, एवढ्यासाठी. तिने हात पदराखाली लपवला हे तू लिहिलंस, ते वाचून मला जेवण गेलं नाही.

आज करार तू मला वाचायला दिलास. मी फोन दूर धरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. बाकी नेहमीचं कुठेही म्हटलं नाही. बायजाबाईने मध्येच थांबवून विचारलं की मासं कुठं हाय ते सांग, आणि कलम नाही म्हटल्यावर अभिरामला दम भरला की बाबा, आता तुला खावंच लागंल.

मग साक्षीदार म्हणून माझी पाळी आली आणि तुझ्या डबीने माझा अंगठा नाकारला. एकदा, दोनदा, तीनदा. चाळीस वर्षं टाइपरायटरच्या लांब पट्टीवर आपटलेला अंगठा! तू हसू दाबत होतीस, मला दिसलं. पण बायजाबाई हसली नाही. तिने माझा हात ओढून घेतला, उलटा करून पाहिला, म्हणाली की बाय, तुजा पन झिजला गं. आपल्या पदराने माझं करंगळीशेजारचं बोट पुसलं आणि स्वतः धरून काचेवर ठेवलं. लागलं. बावीस वर्षं मी तिचा हात धरून शाईवर टेकवत होते. आज तिने माझा धरला.

हेवा गेला असं मात्र समजू नकोस. डबी सुबक आहे, काम चोख आहे, आणि निघताना बायजाबाईने बोंबलांची पुडी तुझ्या पिशवीत घातली, तेही मी पाहिलं. निम्मे दादांसाठी पाठव.

अकरा महिन्यांनी मला साक्षीला बोलव. नाही बोलावलंस, तर पुन्हा पाकीट येईल.

तुझी, केलेल्या खोटेपणाची माफी मागणारी,
स्मितावहिनी