चिंकाराचा तिसरा गट

५ जानेवारी, सकाळ
पीएच.डी.चा शेवटचा सेमिनार २८ला. मुदतवाढ सहावी. गाईड अनिता मॅडम म्हणाल्या, सातवी मिळणार नाही. डॉक्टर झालो की यवतच्या कॉलेजात कायम, नाहीतर जूनपासून घरी. घरी बसायचा प्रश्नच नाही, म्हणून दौंडला पितळी पाटी बनवायला टाकून आलो : डॉ. सत्यजीत ढमढेरे.
विषय एका ओळीचा. चिंकारा हरणाच्या पायाची नळी मोजून नर की मादी सांगायचं. लांब-जाड तो नर, आखूड-बारीक ती मादी. कवटी असली तर शिंगं बघून कुणीही सांगेल. नळीला डोकं लागतं. वनरक्षक सुदर्शननं रीतसर अकरा नळ्या दिल्यात. चाळीस हव्यात. होतील.

९ जानेवारी
झाल्या! कुरकुंभच्या अलीकडच्या माळावर, ओढ्याकाठी, एका जागी एकोणतीस. अख्खा कळप गेला असणार, बिचारा. शेजारी तीन दगडांची चूल, पत्रावळ्या. पर्यटन फार वाढलंय.
शेरडं-मेंढरं घेऊन माळावरचे मेंढपाळ हरिबा आले. काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, आबा, हे शास्त्र आहे, राहू द्या. सेमिनारला मात्र त्यांचा सत्कार ठेवलाय. लोकसहभाग चांगला दिसतो.

१३ जानेवारी
नळ्यांवर आडवे चिरे. बायको नीलम म्हणाली, कोयत्याचे. मी वहीत लिहिलं, बिबट्याचे दात. रंग पिवळट. नीलम म्हणाली, हळद. मी लिहिलं, खनिज. उद्यापासून नीलमला हाडं दाखवायची नाहीत.

१७ जानेवारी, दुपार
आलेख काढला. सुदर्शनच्या अकरा मुकाट्यानं नर-मादीत बसल्या. माझ्या एकोणतीस भलतीकडेच. लांबीला मादी, जाडीला नर. अर्धा तास घाम फुटला. मग उजेड पडला : तिसरा गट. नवी जात. नाव, ढमढेरे चिंकारा.
मॅडमना फोन केला. म्हणाल्या, आधी हाड कुणाचं ते बघा. जळतात. स्वयंपाकघरात जाऊन नाचलो. नीलमनं आधी गॅस बंद केला.

२४ जानेवारी
मॅडमचा मेसेज : तुलनेसाठी शेळीच्या नळ्या मोजा. शेळीच्या? मी हरणांचा माणूस. शिवाय सूट इस्त्रीला टाकायचाय.

२८ जानेवारी, संध्याकाळ
सत्कार आधी उरकला, तिथं चुकलं. हरिबांनी शाल सावरत टेबलावरची नळी उचलली आणि म्हणाले, ह्ये तर पॅनेलच्या जेवणातलं बोकाड. दिवाळीत निवडणुकीला आठ कापली, माझ्याच शेरडांच्या वाड्यातली. त्या दिवशीबी सांगत व्हतो, तुमी ऐकंना.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यांनाच विचारलं, नर की मादी. हरिबा म्हणाले, दोन्ही न्हाई, समदी खच्ची केल्याली.
परीक्षकांनी आलेखावर बोट ठेवलं. म्हणाले, ढमढेरे, ना नर ना मादी, ना चिंकारा. आलेख खरं सांगत होता.
मुदत संपली. मॅडमनी जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फार लागलं ते.

२९ जानेवारी
पाटी आली. माळ्यावर ठेवली. नीलमनं मटण केलं. ताटात नळी आली. सवयीनं मापाचा व्हर्निअर लावला. आखूड, जाड. बोकड.
बरोबर आलं.